गोट्यांच्या पोटातला शंख

प्रस्तावना

सावरगाव म्हटलं की लोकांना गोटे आठवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मग जी गोटमार सुरू होते तिची छायाचित्रं दुसऱ्या दिवशी नागपूरच्या सगळ्या वर्तमानपत्रांत असतात. सावरगावची मुलगी आणि पांढुर्ण्याचा मुलगा यांची गोष्ट, नदीतला झेंडा, चंडीमातेचा नवस, फुटलेली डोकी, पोलीस बंदोबस्त, सगळं छापून येतं. गोट्याबद्दल मात्र कुणी अक्षर लिहीत नाही. तो काळा, जड, हातात नीट बसणारा दगड थंड झालेल्या लाव्हाचा असतो आणि त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास असतं. हे पुस्तक त्या दगडाचंही नाही. दोन लाव्हांच्या मध्ये सापडलेल्या गाळाचं आणि त्या गाळात मेलेल्या गोगलगाईंचं हे पुस्तक आहे.

विषय ऐकून वाचक बिचकेल याची मला कल्पना आहे. नामशेष झालेल्या गोगलगाईचं वर्गीकरण करायचं आणि वर्णन लिहायचं, हे काम बाहेरून रटाळ दिसतं. शंखाची उंची अमुक, वेढे तमुक, तोंड अश्रूच्या थेंबासारखं, शिवण उथळ. पानंच्या पानं असं लिहिलेलं असतं. पण त्या कोरड्या ओळींत पुष्कळ भांडणं दडलेली असतात. हा प्राणी समुद्रातला की तळ्यातला? लाव्हा वाहत होता तेव्हा इथून समुद्र किती लांब होता? हे दगड डायनोसॉरच्या काळातले की त्यानंतरचे? छिंदवाडा, नागपूर, अमरावती, चंद्रपूर या पट्ट्यातल्या शंखांनी हे तिन्ही प्रश्न उपस्थित केले आणि त्यांतला एकही प्रश्न शंखाकडे नुसतं बघून सुटला नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की शंखाच्या वर्णनातला अर्धा भाग शंखाबद्दल असतो आणि उरलेला अर्धा तो जिथे सापडला त्या जागेबद्दल असावा लागतो. जागा हरवली की जातीचं नाव पोकळ होतं.

आधी जागेबद्दलच लिहितो. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते, आता त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला आहे. संत्र्याच्या बागा, कपाशी, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. भूशास्त्राच्या नकाशावर मात्र या भागाची ओळख दोन टोकांची आहे. सौंसरच्या नावाने ओळखला जाणारा सौंसर समूह हा मँगनीजवाला, अतिप्राचीन, रूपांतरित खडकांचा समूह आहे. त्यात शंख शोधणं व्यर्थ, कारण तो बनला तेव्हा शंख असणारे प्राणीच नव्हते. त्याच्यापेक्षा कितीतरी नंतर, क्रेटेशियस काळाच्या शेवटी, दख्खनचा लाव्हा आला. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. बराचसा लाव्हा भूवैज्ञानिक हिशोबाने अगदी थोडक्या काळात, साधारण १० लाख वर्षांत किंवा त्याहूनही कमी वेळात ओतला गेला, असं गेल्या दशकातली कालमापनं सांगतात.

पण तो सलग ओतला गेला नाही. एक थर वाहून थंड व्हायचा, मग उसंत मिळायची. ही उसंत कधी शेकडो, कधी हजारो वर्षांची असायची. थंड झालेल्या लाव्हाच्या खोलगट भागात पाणी साठायचं, तळी व्हायची, शेवाळ धरायचं, काठाला झाडं उगवायची, मासे आणि बेडूक यायचे. मग पुन्हा भेग उघडायची आणि तळं लाव्हाखाली गाडलं जायचं. या गाडल्या गेलेल्या तळ्यांच्या गाळाला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. रस्त्याच्या कापात ते ओळखायला अवघड नाहीत. वर-खाली काळा दगड आणि मधे पांढुरका, पिवळसर किंवा लालसर पट्टा, कुठे हातभर तर कुठे पुरुषभर जाडीचा. मऊ चिकणमाती असेल तर ती पावसात वाहून जाते. चुनखडी किंवा चकमकीचा दगड असेल तर तो टिकतो. लाव्हाच्या उष्णतेने सुटलेली सिलिका पाण्यात विरघळून गाळात उतरली आणि तिने शंख, बिया, लाकूड, सगळ्यांची जागा घेतली. म्हणून इथले कितीतरी शंख मुळात चुन्याचे असूनही आज गारगोटीसारखे कठीण झालेले सापडतात.

हे शंख सर्वांत आधी कुणी पाहिले, याचं उत्तर अर्थात गुराख्यांनी असं असणार. पण लेखी नोंद हेन्री व्हॉयसीची आहे. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हा डॉक्टर आणि भूवैज्ञानिक म्हणून नोकरीला होता. एप्रिल १८२३ मध्ये गाविलगडच्या डोंगरात त्याला दगड झालेले शंख दिसले. पुढच्याच वर्षी तो वारला आणि त्याचं टिपण दहाएक वर्षांनी छापलं गेलं. त्याच्यानंतर मद्रास सैन्यातला डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन आला. त्याने निर्मळच्या बाजूच्या डोंगरांतून नमुने जमवून लंडनला नेले. तिथे जेम्स डी कार्ल सोवर्बी या शंखतज्ज्ञाने त्यांची वर्णनं आणि चित्रं केली आणि माल्कमसनच्या निबंधाबरोबर ती १८४० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतली एक जाती म्हणजे फायसा प्रिन्सेपी. या पुस्तकातलं मुख्य पात्र तीच.

या मालिकेतलं तिसरं नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरकरांना ते त्याच्या नावाच्या कॉलेजमुळे ठाऊक असतं. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि पुढे रॉबर्ट हंटर हा सहकारी त्याला मिळाला. धर्मप्रसार, शाळा, गोंडी भाषेच्या नोंदी हे सगळं सांभाळून दोघं सीताबर्डीच्या, टाकळीच्या, तेलंखेडीच्या आसपास हातोडी घेऊन फिरत. टाकळीचा थर तर खजिनाच निघाला. त्यात शंख होते, बिया आणि फळं होती, भुंग्यांच्या पाठीवरची कडक पंखझाकणंसुद्धा होती. १८६० मध्ये हिस्लॉपने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात या साऱ्या शंखांवर मोठा निबंध लिहिला आणि एका फटक्यात बऱ्याच नव्या जाती जाहीर केल्या. एका शंखाला टाकळीचं नाव दिलं, एकाला तेलंखेडीचं, एकाला नागपूरचं. हंटर आणि माल्कमसन ही नावंही शिंपल्यांना आणि शंखांना लाभली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या पुराच्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता.

हिस्लॉपबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या जातींबद्दल थोडी शंकाही आहे. पॅल्युडिना या एकाच वंशात त्याने छोट्या-छोट्या शंखांच्या इतक्या जाती केल्या, की त्यांतल्या काही एकाच प्राण्याची लहान-मोठी वयं असाव्यात असं वाटत राहतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. १८६० मध्ये जातींबद्दलची समजच तशी होती. डार्विनचं पुस्तक येऊन वर्षही पुरतं उलटलं नव्हतं. ठरावीक आकार म्हणजे ठरावीक जाती, थोडा फरक दिसला की नवी जाती, हा सरळ हिशोब होता. फायसा प्रिन्सेपीच्या बाबतीत मात्र त्याने हात आखडता घेतला. फुगीर शंख आणि लांबोडके शंख यांना त्याने वेगवेगळ्या जाती न म्हणता एकाच जातीचे प्रकार म्हटलं. हा त्याचा सर्वांत शहाणा निर्णय होता, असं मी मानतो. त्याचं कारण त्याला कळणं शक्य नव्हतं. अमेरिकेतल्या जिवंत फायसांवर विसाव्या शतकाच्या शेवटी झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की पाण्यात शंख फोडून खाणारा मासा असेल तर पिल्लं फुगीर शंख करतात, आणि शंखाच्या तोंडातून मांस ओढून खाणारा झिंगा-खेकड्यासारखा प्राणी असेल तर लांब, अरुंद शंख करतात. एकाच आईची पिल्लं शत्रूच्या वासावरून दोन वेगळे आकार घेऊ शकतात. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यात लांब आणि फुगीर असे दोन प्रकार सापडले, तर त्या दोन जाती म्हणायच्या की दोन तळ्यांतले दोन वेगळे शत्रू?

आता वर्णन कसं करतात ते. शंख हातात घ्यायचा, शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करायचं. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा शंख, डाव्या हाताला आलं तर डावा. जगातल्या बहुतेक गोगलगाई उजव्या, फायसा डाव्या. देवघरातला दक्षिणावर्ती शंख या कसोटीवर डावा ठरतो, कारण देव्हाऱ्यात तो उलटा, नळी वर करून धरतात. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत, पण मोजमापाला एकच रीत हवी. त्यानंतर वेढे मोजायचे. शेवटचा वेढा एकूण उंचीच्या किती भागात आहे ते पाहायचं. फायसामध्ये तो जवळजवळ सगळा शंख व्यापतो आणि वरचा शिखराचा भाग आखूड राहतो. तोंडाची उंची आणि रुंदी, वेढ्यांमधली शिवण खोल की उथळ, मधल्या दांड्याला पीळ आहे का, पृष्ठभागावर वाढीच्या रेषा, कणे, गाठी काही आहे का, हे सगळं लिहायचं. एकच शंख मोजून भागत नाही. एकाच थरातले जितके मिळतील तितके मोजावे लागतात आणि सरासरीपेक्षा टोकाचे नमुने जास्त बोलतात.

फायसा प्रिन्सेपी आजच्या फायसांच्या मानाने अवाढव्य आहे. आपल्याकडच्या गटारांत, टाक्यांत, मत्स्यालयांत जी डावी गोगलगाय दिसते ती मूळची अमेरिकन फायसा अक्युटा, जगभर पसरलेली. ती बोटाच्या पेराएवढीही होत नाही. तिच्याशेजारी प्रिन्सेपी ठेवली तर हे एकाच वंशातले प्राणी आहेत यावर विश्वास ठेवणं जड जातं.

आणि ही शंका जुनीच आहे. नेल्सन अॅनन्डेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पहिले संचालक. १९२० मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदींत त्यांनी फायसा प्रिन्सेपीवर निबंध लिहिला. प्रश्न असा होता, की डावा, पातळ, फुगीर शंख हे लक्षण फायसांच्या कुलापुरतं नाही. आफ्रिकेतल्या ब्युलिनस वंशाचे शंखही तसेच डावे आणि तशाच घाटाचे असतात. त्या दोन्ही कुलांतला खरा फरक मऊ शरीरात आहे, कल्ल्यासारख्या अवयवात, जननेंद्रियात, जिभेवरच्या दातांच्या पट्टीत. जीवाश्मात यांतलं काहीच उरत नाही. पुढच्या अभ्यासकांनी तिला प्लॅटिफायसा या वेगळ्या वंशात घातलं आणि आज तेच नाव जास्त वापरलं जातं. या पुस्तकात मी फायसा प्रिन्सेपी हे जुनं नाव कथनात ठेवलं आहे आणि वर्णनाच्या पानांवर प्लॅटिफायसा. जुनी टिपणं वाचणाऱ्याची त्याने सोय होते, शिवाय कुठला वंश हा वाद अजून निवलेला नाही हे लपूनही राहत नाही.

अॅनन्डेलच्या त्याच निबंधात दुसरीही एक गोष्ट आहे आणि मला तीच जास्त आवडते. काही शंखांना बारीक, नेमकी भोकं पडलेली होती. ती भोकं शंखाला पोखरून आत राहणाऱ्या स्पंजाची आहेत आणि तो स्पंज क्लायोनिड गटातला आहे, असं त्यांनी लिहिलं. आज या गटातले स्पंज समुद्रात राहतात. कालवांच्या शिंपल्यांची ते चाळण करतात. म्हणजे शंख गोड्या पाण्यातला आणि त्याला पोखरणाऱ्याची जातकुळी समुद्रातली.

इथून समुद्राचा प्रश्न सुरू होतो. गोड्या पाण्यातला शंख आणि समुद्री शंख यांत फरक कसा करायचा? ढोबळ खुणा आहेत. समुद्री शंख सहसा जाड असतात, त्यांच्यावर कणे आणि काटे जास्त असतात, आणि मांसाहारी गोगलगाईंच्या तोंडाला पुढे श्वासनळीसाठी खाच किंवा नळी असते. तिरुचिरापल्ली आणि अरियलूरच्या क्रेटेशियस थरांतले हजारो शंख फर्डिनांड स्टोलिच्का या मोराव्हियाच्या माणसाने १८६७-६८ मध्ये वर्णिले. ते पाहिले की शंका उरत नाही, ते समुद्राचेच. फायसा, लिम्निया, व्हिव्हिपॅरस यांचे शंख पाहिले की ते तळ्याचेच. मधल्यांचं काय? मेलानिया आणि सेरिथियम यांसारखे उंच, कळसासारखे शंख खाडीतही असतात, नदीतही असतात. दगडात तोंडाचा काठ तुटलेला असेल तर अनुभवी माणूसही चकतो. राजमहेंद्रीजवळच्या थरांतले शंख हिस्लॉपने त्याच १८६० च्या निबंधात वर्णिले. त्यांत ट्युरिटेला होत्या, म्हणजे समुद्र किंवा खाडी. नागपूरच्या थरांत त्या नव्हत्या, म्हणजे तळी. एकाच लाव्हाच्या पूर्व टोकाला समुद्र आणि मधे तळी, असं सरळ चित्र त्यामुळे तयार झालं आणि बराच काळ टिकलं.

त्या चित्राला पहिला धक्का शंखांनी दिला नाही, झाडांनी दिला. सौंसर तालुक्यातलं मोहगाव कलान हे गाव वनस्पती-जीवाश्मांच्या जगात प्रसिद्ध आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानींनी आणि के. पी. रोडे यांनी १९३७ मध्ये इथल्या जीवाश्मांवर एकत्र लिहिलं. सौंसर परिसरातून सहानी आणि राव यांनी अझोला या तरंगत्या नेच्याची एक जाती वर्णिली, ती गोड्या पाण्याचीच. पण मोहगाव कलानच्या थरात निपा ताडाची फळंही सापडली. निपा आज सुंदरबनात आणि अंदमानात, भरती-ओहोटीच्या चिखलात वाढतो. सातपुड्याच्या पायथ्याशी तो काय करत होता? पुढे १९८१ मध्ये बांदे, प्रकाश आणि बोंडे यांनी मोहगाव कलानच्या दगडातून पेयसोनेलिया आणि डिस्टिकोप्लॅक्स ही सागरी शैवालं नोंदवली आणि समुद्राचा एखादा फाटा छिंदवाड्यापर्यंत आला असावा असा मुद्दा मांडला. त्या काळात पुष्कळांनी तो बाजूला सारला. एक-दोन शैवालांच्या जोरावर समुद्र कसा आणणार?

२००९ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्याच झिलमिलीच्या थरातून आणखी जड पुरावा आला. गर्टा केलर आणि त्यांचे सहकारी, त्यांत नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे, सुनील बाजपेयी, अशोक सहानी हे होते. त्यांनी तिथल्या अंतरा-ट्रॅपी गाळात फोरॅमिनिफेरा शोधले. हे एकपेशीय जीव खुल्या समुद्रात तरंगतात आणि त्यांच्या जाती पटापट बदलतात, म्हणून काळ मोजायला ते घड्याळासारखे उपयोगी पडतात. झिलमिलीचे फोरॅमिनिफेरा डेनियन काळाच्या अगदी सुरुवातीचे निघाले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतर लगेचचे. त्या थराच्या खाली-वर गोड्या पाण्याच्या खुणा आहेत. म्हणजे पाणी खारट झालं ते थोड्या काळापुरतंच. केलर आणि मंडळींनी नर्मदेच्या किंवा गोदावरीच्या खोऱ्यातून समुद्राचा अरुंद मार्ग आत आला असावा असं सुचवलं. नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र त्याआधीही आला होता, धार जिल्ह्यातले बागचे थर त्याची साक्ष आहेत. तरी दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर आत, लाव्हाच्या थरांमधून समुद्र येणं ही साधी गोष्ट नाही. मला ते फोरॅमिनिफेरा खरे वाटतात. समुद्राच्या वाटेचा नकाशा मात्र अजून पेन्सिलनेच काढावा असं वाटतं.

आता शंखाकडे वळून बघा. झिलमिली ज्या पट्ट्यात आहे त्याच पट्ट्यातल्या अंतरा-ट्रॅपी थरांतल्या शंखांना आपण दीडशे वर्षं निर्धास्तपणे तळ्याचे म्हणत आलो. बहुतेक ते तळ्याचेच आहेत. पण आता एखादा उंच, कणेदार शंख हाती आला तर तो गोड्या पाण्याचा मेलानिया की खाऱ्या खाडीचा सेरिथियम, हे त्याच्या आकारावरून ठरवणं बेजबाबदारपणाचं ठरेल. त्याच्याबरोबर दगडात काय आहे ते पाहावं लागतं. केरोफायटा शैवालाच्या पीळदार बिया असतील, गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्राकोडांची दुहेरी कवचं असतील, तर तळं. फोरॅमिनिफेरा किंवा सागरी शैवाल असेल, तर दुसरा विचार करायला हवा. एकाच कापात हातभर वर-खाली उत्तर बदलू शकतं. म्हणूनच गावाचं नाव पुरत नाही. कोणत्या नाल्याच्या कोणत्या बाजूला, कुठल्या लाव्हा-थराच्या किती वर, हे लिहिलेलं लागतं. हिस्लॉपच्या काळात 'टाकळी' एवढं लिहून भागत असे. आज टाकळी नागपूर शहराच्या पोटात गेली आहे आणि तो थर नेमका कुठे होता हे दाखवणारा उघडा दगड फारसा उरलेला नाही.

वयाचा वाद मी थोडक्यात उरकतो, कारण तो बराचसा मिटला आहे. हिस्लॉपने आपल्या निबंधाच्या मथळ्यातच या थरांना टर्शियरी, म्हणजे क्रेटेशियसनंतरचे, म्हटलं होतं. काही भूवैज्ञानिक त्यांना क्रेटेशियस मानत. १९३४ मध्ये बिरबल सहानींनी हाच प्रश्न करंट सायन्समध्ये मथळा करून विचारला आणि वनस्पतींच्या आधारे ते टर्शियरीकडे झुकले. १९८० च्या दशकात खडकांचं चुंबकत्व आणि आर्गॉन पद्धतीची कालमापनं आली, फ्रान्सच्या व्हिन्सेंट कुर्तियोच्या गटाने दख्खनचा लाव्हा क्रेटेशियसच्या अखेरीशी जोडला, आणि दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर ठरल्या. लाव्हा या दोन काळांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे वाहिला. शंखांना यात काय सांगायचं होतं? चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथे लाव्हाच्या खालच्या लॅमेटा थरात डायनोसॉरची हाडं आणि त्यांची दगड झालेली विष्ठा सापडते. त्याच थरात फायसा प्रिन्सेपीही सापडते. म्हणजे ती लाव्हाच्या आधीही होती आणि लाव्हांच्या मधेही. काळ मोजायला अशी दीर्घायुषी जाती निरुपयोगी, पण तिच्या चिवटपणाचं कौतुक वाटतं.

त्या चिवटपणाचं कारण तिच्या जिवंत नातेवाईकांत दिसतं. पाण्यातल्या फुप्फुसवाल्या गोगलगाई उभयलिंगी असतात आणि जोडीदार नसला तरी त्यांतल्या कित्येक स्वतःच स्वतःला फलित करतात. पाण्यात वाहत आलेलं एखादं पान, एखाद्या पक्ष्याच्या पायाला चिकटलेला अंड्यांचा गोळा, एवढ्यावर नव्या तळ्यात वसाहत उभी राहू शकते. लाव्हाने एक तळं बुजवलं की शेजारच्या तळ्यातून नवी पिढी येत असावी. नॉर्थ डकोटाचे जोसेफ हार्टमन आणि मोहबे यांच्यासह काही अभ्यासकांनी या शंखांकडे पुन्हा लक्ष दिलं ते याच प्रश्नासाठी. लाव्हा आणि महाविनाश यांच्यातून तळ्यातले जीव कसे तगले, हे शंखांच्या यादीतून शोधायचं.

नियमांबद्दल दोन शब्द. प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. त्याची सध्याची चौथी आवृत्ती २००० पासून लागू झाली. त्याप्रमाणे नव्या जातीचं नाव देताना एक नमुना आदर्श म्हणून नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते सांगावं लागतं. पुढे कुणी म्हणेल की ही जाती ती नव्हे, तर त्याला त्या एका दगडाकडे जाऊन बघता यावं, हा हेतू. सोवर्बीच्या वेळी असा नियम नव्हता. चार-पाच शंख समोर ठेवून एक नाव देत असत. जिऑलॉजिकल सोसायटीचा परदेशी संग्रह १९११ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या नैसर्गिक इतिहास विभागाकडे गेला. इथल्या मातीतल्या शंखांबद्दल निकाल द्यायचा तर लंडनला जावं लागतं किंवा तिथून आलेल्या फोटोवर भागवावं लागतं. याबद्दल मी फार कुरकुर करत नाही. ते नमुने तिथे सांभाळले गेले. आपल्याकडे कितीतरी थर मुरुमाबरोबर रस्त्याखाली गेले.

म्हणून या पुस्तकातली वर्णनं अशी मांडली आहेत. प्रत्येक जातीखाली आधी ठिकाण आहे, मग थर, मग बरोबरचे जीव आणि सर्वांत शेवटी शंख. नेहमीच्या पद्धतीच्या हे उलट आहे. पुस्तक चाळणाऱ्याला शंखाचं चित्र शोधायला दोन परिच्छेद ओलांडावे लागतील, याची जाणीव ठेवूनच मी हे केलं आहे. जिथे माझ्याकडे फक्त आतला साचा होता, म्हणजे शंख विरघळून गेला आणि पोकळीत भरलेला दगड तेवढा उरला, तिथे मी वंशापर्यंत थांबलो आणि जातीचं नाव दिलं नाही. साच्यावर शिवण खोल दिसते, वेढे सुटे-सुटे दिसतात आणि पृष्ठभागावरची नक्षी सगळी नाहीशी झालेली असते. एकाच शंखाचा साचा आणि त्याचं कवच वेगवेगळ्या जाती म्हणून छापले जाण्याचा धोका इथेच असतो.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला एक विनंती. बांधावर, विहिरीच्या खोदाईत, रस्त्याच्या कापात शंख सापडला तर तो लगेच उचलू नका. मोबाइलवर त्याचा जागेवरचा फोटो काढा, शेजारी नाणं किंवा पेन ठेवा, वरचा आणि खालचा काळा दगड दोन्ही फोटोत येतील असं बघा. विहिरीचा असेल तर किती हातांवर लागला ते विचारून लिहा. अ‍ॅसिडने साफ करू नका, बरोबरची माती फेकू नका. शंखाला चिकटलेली मूठभर माती पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून गाळली तर तिच्यात केरोफायटा आहेत की फोरॅमिनिफेरा हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, आणि तो शंख कुठल्या पाण्यातला याचा निवाडा बऱ्याच वेळा त्या मातीवरच होतो. मग शंख कागदात गुंडाळा आणि कागदावर गावाचं व नाल्याचं नाव आणि गट क्रमांक लिहा.